लाल स्टार आणि पाचोऱ्याचा फोन

३ जानेवारी १९९९, जळगाव
समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट करायचं काम शेवटी माझ्याकडेच आलं. अध्यक्ष बन्सीलालनाना म्हणाले, दुसरं कोणी फुकट करेना.
आपल्याकडे फॉर्म भरायचा म्हणजे निम्मा कोरा सोडायचा. यापुढे नाही! प्रत्येक रकान्यापुढे लाल स्टार. स्टार म्हणजे भरायचाच, नाहीतर फॉर्म पुढे जाणार नाही. ऐच्छिक रकाने आळशांसाठी असतात.
पहिला फॉर्म माझा. वय एकतीस. घाई मला नाही, आईला आहे.

६ जानेवारी
आवश्यक: ई-मेल, वजन, छंद, स्वतःचा फोन. शेजाऱ्याचा पीपी नंबर अजिबात चालणार नाही.
माझ्या कम्प्युटर क्लासची सकाळची बॅच घेणारा कौतिक म्हणाला, "भाऊ, ई-मेल कोनकडे शे?" नसेल तर काढतील. लोकांना सवय लावावी लागते.
संध्याकाळी खालच्या सुपडूच्या एसटीडी बूथची लाइन तासभर मागून साइट चढवली.

१० जानेवारी, रविवार
परिचय मेळावा. कम्प्युटर हॉलमध्ये नेला. पाचोऱ्याजवळचे तोतारामनाना मुलीला घेऊन आले. लता, शिक्षिका. स्क्रीनवरचे स्टार बघून हसली. फार छान हसते. मला आवडली, लिहून टाकतो.
नाना म्हणाले, "आमना गावमा एकच फोन शे, तो सरपंचना." मी सांगितलं, पीपी चालत नाही. मग त्यांनी विचारलं, मामेकूळ कुठे लिहायचं?
आईच्या माहेरचं कूळ; सोयरीक जुळवताना आधी तेच बघतात. ते राहिलंच होतं. म्हटलं, 'इतर'मध्ये लिहा, तेवढा एकच रकाना ऐच्छिक आहे.
नाना म्हणाले, मामेकूळ ऐच्छिक! उठले आणि गेले.
बाहेर कौतिक साध्या कागदावर नाव, गाव, मामेकूळ लिहून घेत होता, पहिली ओळ त्याची स्वतःची. तिथे ही गर्दी. गर्दी काय, कुठेही होते.

१४ जानेवारी
संक्रांत. माझा फॉर्म भरला. पुढे जाईना. 'स्वतःचा फोन आवश्यक.' माझ्याकडे सुपडूचाच नंबर. फॉर्म किती कडक झालाय, करणाऱ्यालाही सोडत नाही! अभिमान वाटला.

१५ जानेवारी
फोनचा स्टार काढला. माघार नव्हे, चाचणी. सुपडूचा पीपी टाकला, फॉर्म गेला. साइटवर मी पहिला. अजून दुसरा नाही. छापून बन्सीलालनानांच्या हाती तोतारामनानांकडे पाठवला. मामेकूळ पेनने लिहिलं.

२४ जानेवारी
सकाळी सुपडू खालून ओरडला, "अभिमनभाऊ, पाचोराथीन फोन ऊना!" केस विंचरले, शर्ट बदलला, धावत उतरलो. तोतारामनानाच होते. आवाज गोड.
"भाऊ, जरा कौतिकले बलाव ना. त्यानी हाऊच नंबर देयेल शे. लताना साखरपुडानी तारीख सांगनी शे."
वर जाऊन बोलावलं. तो बोलत होता तोवर बूथबाहेर उभा राहिलो. 
आत्ताच फोनचा स्टार परत लावला. मामेकुळालाही लावला. आता माझाच फॉर्म जात नाही.
नाही तर नाही.