फुंकरीने केलेली पेरणी

१२ डिसेंबर, मंगळवार

आज दोन घड्याळांचे सेल बदलले, एकाला पट्टा लावला. दुपारी गिऱ्हाईक नव्हते. संध्याकाळी झाडांना पाणी घातले. रात्री हिच्या ताईंना पत्र लिहिले, ते असे:

ती. ताई यांना नमस्कार.

नव्या तेलाने तुमच्या गुडघ्याला उतार पडला का, की गुडघ्याआधी तेलच संपले? मी बरा आहे. वेळेवर जेवतो. (मीठ कमीजास्त होते, पण नाव ठेवायला कोणी नसल्याने चालून जाते.) तुम्ही फोनवर विचारलेत, पॉपीच्या फुलांचे बी लावले का, आणि मी हो म्हणालो. ते खोटे नव्हते, अपुरे होते.

तुमच्या धाकट्या बहिणीने जाण्याआधी, उन्हाळ्यात, वाळलेली बोंडे चुरून पुडीत बांधली होती. अठरा वर्षे त्याच झाडांचे बी ती पुढच्या थंडीला लावत आली. दुसरी पुडी नाही. गारवा पडताच मी ती खिडकीजवळच्या कामाच्या टेबलावर ताटलीत उपडी केली. टरफलांचे जाडसर तुकडे आणि खाली करडी धूळ. आता चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केलेल्या माणसापुढे धूळ आली की तो काय करणार? मी फुंकर मारली, थेट खिडकीबाहेर. (भिंग तेव्हा कपाळावर होते. डोळ्याला असते तर हे पत्र छोटे झाले असते.) मग ते तुकडे चिमट्याने एकेक उचलून, पट्टीने अंतर मोजून, वाफ्यात नीट पुरले आणि महिनाभर झारीने पाणी घातले, पण एक कोंब आला नाही. शेजारच्या नर्सबाई कुंपणावरून रोज डोकावत. "काका, काय पेरलंय, घड्याळं? एकदा चावी देऊन बघा." मी हसायचो. पण तिचे शेवटचे बी माझ्या हातून गेले, हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगायचे, म्हणून दोन रविवार तुमचा फोन उचलला नाही. बाहेर गेलो होतो म्हणालो. मी कुठे जाणार.

गेल्या आठवड्यात सायकल काढताना खिडकीखालच्या बारीक खडीत हिरवी लव दिसली. नर्सबाईंना बोलावले. त्या म्हणाल्या, "हीच की ती. याचं बी पुरायचं नसतंच, उजेड लागतो. छान जमलंय तुम्हाला." धूळ म्हणून फुंकले तेच बी होते, हे न सांगता मी शाबासकी घेतली. मग म्हणाल्या, "पण फार दाट झालीत. बरीचशी उपटा, नाहीतर एकही धड फुलणार नाही." दुसरीकडे लावू का विचारले, तर म्हणे मूळ हलले की मरतात.

पुडीवरही तिच्या अक्षरात तेच आहे: "दाट आल्यास उपटणे. दया नको." तीन संध्याकाळी चिमटा घेऊन बसलो आणि चिमटा घेऊनच उठलो. सायकल मात्र फाटकाबाहेर लावतो.

बाकी सर्व ठीक. काळजी नसावी.

ता. क. तुमचे मन लहानपणापासून घट्ट, असे ही नेहमी म्हणायची (कौतुकाने). चार दिवस येऊन जाल का? वाकायला नको. खडीजवळ खुर्ची टाकतो, तुम्ही नुसते बोट दाखवा, हे काढ, ते ठेव. मागची खोली झाडून ठेवली आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी बाहेर जाऊन एक रोप उपटले. कडेचे होते, अशक्त. मग त्याच्या शेजारचे. ते अशक्त नव्हते. उरलेली माझी मीच काढीन, तेव्हा आता यायचे तर फुले आल्यावर या. चिमटा धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला.