दोन फेऱ्यांमधलं पाणी

मुरुम,
ता. ९ डिसेंबर १९४३

चिरंजीव शांतलिंग यास,
अण्णाचा आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. ज्वारी निसवली. थंडीनं अव्वाचे गुडघे धरलेत. तांबडी गाय व्याली. तुझ्या फौजेत खाणंपिणं बरं असेल असं समजतो.

दिवाळीत तू पाठवलेला फोटो पोचला. उत्तर दिलं नाही, त्याचं कारण लिहितो. हातांत ते फुगीर मोजे, अंगावर नुसती चड्डी आणि गळा मोकळा. गळ्यातलं इष्टलिंग कुठं आहे? दंडाला बांधलं असेल, असं मी अव्वाला सांगितलं. आईच ती, लगेच म्हणाली, "दंड बी दिसतोय की रं." तेव्हापासून तिनं फोटो हातात घेतलेला नाही.

तुझा हा थोरला भाऊ संशयी, तुला ठाऊकच आहे. मुक्केबाजीत नाव काढायच्या नादात यानं लिंग सोडलं, उद्या आम्हालाही सोडेल, असं माझ्या मनानं घेतलं. त्यात तुझ्या उस्तादांचं उर्दू पत्र आलं. मला उर्दू वाचता येत नाही. मुन्शीकडे नेलं असतं तर गावभर बोभाटा झाला असता. तू धर्म सोडल्याचंच काहीतरी असणार, म्हणून महिनाभर ते दडवून ठेवलं.

काल तुझ्या छावणीतला कल्याणप्पा हैदराबादहून सुट्टीवर आला. त्याच्याकडून वाचून घेतलं. उस्ताद लिहितात, झुंजीआधी नियमाप्रमाणे गळ्यातलं काढावं लागतं, पण तुमच्यातला नेम म्हणून लिंग परत अंगावर येईपर्यंत तुमचा भाऊ पाण्याला शिवत नाही. दोन फेऱ्यांमध्ये बाकीचे घोटभर घेतात, हा तोंड मिटून बसतो आणि शेवटच्या फेरीत त्याचे पाय लटपटतात. असंच चाललं तर मुंबईचा सामना हातचा जाईल. अण्णानं सांगितलं तरच पिईन म्हणतो, तेव्हा तुम्ही त्याला लिहा.

"यात दडवण्यासारखं काय हुतं?" कल्याणप्पानं विचारलं.

त्याचं उत्तर तुला देतो. रामलिंगाच्या जत्रेतली माझी शेवटची कुस्ती. लिंग पटक्यात गुंडाळून पंचांजवळ ठेवलं होतं. कुस्ती लांबली, घसा सुकला, आणि मी कुणाच्या तरी तांब्यातून घटाघटा पाणी प्यालो. जिंकलोही. पण पुन्हा लंगोट चढवायचं धाडस झालं नाही. लोकांना सांगत आलो की खांदा दुखतो. शांत्या, स्वतः केलं तेच मी तुझ्या माथी मारत होतो. फार लाज वाटते.

आज अव्वाला सगळं सांगितलं. तिनं हातातली वात वळून ठेवली. मग म्हणाली, "त्याला लिही, पी म्हणावं. त्यानं इचारलं तरी. तू इचारलं न्हाय."

पत्र कल्याणप्पाच्या हाती देतो आहे, म्हणजे सामन्याआधी पोचेल. पाणी पी, आणि मन लावून खेळ.

न विचारता प्यालेला,
तुझा अण्णा
सोमलिंग