रविवारीही भरवावं लागतं

प्रिय आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितेय.

रविवारी तरी प्रयोगशाळेत जाऊ नकोस म्हणतेस, पण इथे मलेरियाचे जंतू आम्हीच काचेच्या बशीत रक्तावर वाढवतो. वेळेवर खायला घातलं नाही तर ते मरतात, मग नवं औषध वापरून बघायचं कुणावर? तुझ्या मांजरापेक्षा नखरे जास्त त्यांचे.

मी नीट जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

दादा ज्या तापानं गेला, त्याचेच जंतू पोसायचे म्हणून सुरुवातीला बशी उचलायलाही नको वाटायचं. परवा एका बशीत आमचं नवं औषध घातलं. आज भरवायला गेले, तर शेजारच्या बिनऔषधाच्या बशीत सगळे मजेत होते आणि या बशीत जेवायला कुणीच उरलं नव्हतं.

गोळी व्हायला अजून वर्षं लागतील. पण साहेबांना सांगायच्या आधी तुलाच लिहायला बसले.

तुझं शेंडेफळ