गप्प बसण्याची तालीम

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (भावोजींना फोन केला तर ते 'तिलाच विचार' म्हणतात, आणि तू तर दोन वर्षं माझ्याशी अबोला धरलायस. तुझ्या नव्या घराचे पडदे बघून 'दवाखान्यात आल्यासारखं वाटतं' असं मी बोलून गेलो, तेव्हापासून. त्यामुळे माझ्याकडची गुडघ्यांची माहिती दोन वर्षं शिळी आहे.) इकडे सर्व ठीक. चष्म्याचं दुकान चालू आहे, साखर आटोक्यात आहे.

पत्रास कारण की, पुढच्या महिन्यात आम्ही एका पक्ष्याच्या शोधात निघतोय. हसू नकोस. तळ्यापलीकडच्या दलदलीतला, कोंबडीएवढा, मातकट रंगाचा पक्षी. एकोणीस वर्षांत कुणाला दिसलेला नाही. पण परवाच एका मासे धरणाऱ्याने त्याचा आवाज ऐकला, असं तो छातीठोकपणे सांगतो. तंबू, दुर्बिणी, गमबूट, सगळं जमलंय. अडचण एकच. माणसाची जरा चाहूल लागली की हा गवतात दडी मारतो. तीन तास चिडीचूप बसलं तरच बाहेर येतो म्हणे.

म्हणून दर रविवारी दुकानाचं शटर ओढून आम्ही गप्प बसायची तालीम करतो. आम्ही म्हणजे मी, शेजारचे दातांचे डॉक्टर आणि गणिताच्या निवृत्त बाई. पहिल्या रविवारी अकराव्या मिनिटाला मी जांभई दिली, तर तोंड उघडलेलं बघून डॉक्टरांनी सवयीने "दुखतंय का?" विचारलं. बाई त्यांना "बोलू नका" म्हणाल्या. बाईसुद्धा बोलल्या हे मी लक्षात आणून दिलं, आणि मग आधी कोण बोललं यावर दीड तास वाद. पुढच्या खेपेला तोंडात एकेक लिमलेटची गोळी धरली. डॉक्टरांना ते बघवेना. त्यांनी दातांच्या किडीवर व्याख्यानच झोडलं. काल मात्र सव्वीस मिनिटं झाली! (सत्ताविसाव्याला "जमतंय की आपल्याला!" असं कोण ओरडलं ते विचारू नकोस.) पक्षी आहे आणि तो दिसणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मोहिमेत एक जागा रिकामी आहे. दोन वर्षं गप्प राहिलेल्या माणसाला तीन तास म्हणजे किस झाड की पत्ती! गाडी थेट दलदलीपर्यंत जाते, खुर्ची मी उचलून आणेन. डॉक्टर आणि बाईंना लांब तंबूत बसवू.

आणखी एक ता. क. माझं चुकलंच. तुझ्याशी बोलल्याशिवाय करमत नाही, ताई. पक्षी नाही आला तरी चालेल. तीन तास संपले की तू काहीतरी बोल. शिव्या घातल्यास तरी चालेल.