अंगठ्याखालचं लायसन

कोल्हापूर
शनिवार, १७ जानेवारी २०२६
सकाळी सहा वाजून दहा मिनिटं

ए दादा, दाराला लाथ मारू नको. किल्ली समोर तानाकाकूंच्याकडं हाय, तुझा डबापण त्यांच्याकडंच. आणि फोन लावत बसू नको, तिघांचेपण बंद हायत. संध्याकाळी नारायणगावात जेवणं झाली की चालू करणार. तोवर मी बोलणार आणि तू ऐकणार. आपल्या घरात असं पैल्यांदाच होतंय, तेव्हा जरा पायरीवर टेक.

सा. न. वि. वि. आम्ही मजेत, तू आणि वहिनी मजेत असालच. झाला मायना.

परवा फोनवर तू काय म्हणालास ते मी तसंच्या तसं वहीत उतरवून ठेवलंय. "शनिवारी दुपारपर्यंत येतो. आदी, तू मला गगनबावड्यापर्यंत गाडी चालवून दाखव. पटलं तर सोमवारी निघा. न्हाय पटलं तर गाडी मी पुण्याला घेऊन जाणार, विषय संपला." तुझा विषय लै लवकर संपतो, दादा. गाडी तुझ्या नावावर हाय हे खरं. पण आप्पांच्या साठीला तू ती दारात उभी केलीस, तेव्हा चावी त्यांच्या हातात दिलेलीस की. दिलेली चावी परत मागायला तू काय भाड्यानं गाड्या देतोस व्हय?

असो. भांडायचं न्हाय असं ठरवून बसलेय.

आधी तुला आमचा बेत सांगते, कारण फोनवर तू तो एकदापण पुरता ऐकला न्हाईस. दीड महिना खपून केलाय मी. नारायणगाव, धुळे, मांडू, मग मंदसौरला एक मुक्काम, चित्तोड, उदयपूर, राणकपूर, जोधपूर आणि शेवटी जैसलमेर. तिथं वाळू. आप्पांना वाळूच बघायचीय. किल्ले आपल्याकडं काय कमी हायत का, म्हणतात. पन्हाळा खिडकीतनं दिसतोय. पण नुसती वाळू, झाड न्हाय, ऊस न्हाय, अशी जमीन त्यांनी आयुष्यात बघितली न्हाय. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासनं उजवा पाय ओढत अंगणात फेऱ्या मारतात, ते काय मोजतात ठावं हाय? आज एवढ्या फेऱ्या, म्हणजे वाळूची टेकडी चढता येईल का. डॉक्टरांनी परवानगी दिलीया. दर दोन तासांनी गाडीतनं उतरून चालायचं, गोळ्या वेळेवर घ्यायच्या, एवढंच.

ड्रायव्हर घेऊन जावा असं तू म्हणालास, तेव्हा आप्पा माझ्या शेजारीच हुते. म्हणाले, "ड्रायव्हर घेऊन फिरायला मी काय आमदार हाय? त्याला भूक लागली की थांबायचं, त्याला झोप आली की थांबायचं. त्यापरास ट्रॅव्हल्सनं जातो की."

तुझ्या सगळ्या शंकांत एकच खरी हुती, रातच्या गाडी चालवण्याची. तिचा निकाल आईच्या ताटानं लावलाय. पुण्याला गेल्यापासनं तू विसरला असशील, पण आईचं जेवण अजूनपण सूर्य मावळायच्या आत. मावळल्यावर पाणीसुद्धा न्हाय. त्यामुळं माझ्या वहीत रोजच्या मुक्कामापुढं त्या गावचा सूर्यास्त लिवलाय आणि त्याच्या दोन तास आधी गाडी थांबणार. अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या वर एक दिवस न्हाय. देशातल्या कुठल्या ड्रायव्हरला एवढी शिस्त हाय सांग. अंधार पडला की आमचं ताट धुवून झालेलं असणार. राणकपूरचं देऊळ श्वेतांबरांचं, आपण दिगंबर, तिथं चालंल का असं मी विचारलं, तर आई म्हणाली, "देव बघायला जातोय का पंथ?" आणि परत तांदूळ निवडाय लागली.

आता तू म्हणशील, ते सगळं राहू दे, चालवणार कोण ते सांग.

सांगते. आधी तुला जोतिबाचा घाट सांगते.

रंगीत तालीम करायची कल्पना आप्पांची. "जोतिबाचा घाट चढला तर अरवली काय चीज हाय," म्हणाले. म्हणून परवाच्या मंगळवारी आम्ही तिघं निघालो. मी स्टेरिंगवर, आई माझ्या बाजूला, आप्पा मागं. तिसऱ्या वळणावर पुढची जीप थांबली, म्हणून मीपण थांबले. जीप हलली. मी क्लच सोडला, गाडी बंद. परत चालू केली, परत बंद. आणि मग गाडी मागं सरकाय लागली, दादा. मागं नारळानं भरलेला टेम्पो. आप्पा ओरडतायत, "हँडब्रेक! आदी, हँडब्रेक!" मी काय केलं सांगू? स्टेरिंग सोडून दोन्ही हात तोंडावर घेतले.

हँडब्रेक आईनं ओढला. टेम्पो वीतभर लांब हुता.

टेम्पोवाल्यानं खिडकीतनं डोकं काढलं. "ओ ताई, नारळ वर जाऊन फोडायचं असत्यात. हितंच फोडताय व्हय?"

आई म्हणाली, "उतर."

"आई, आता घेते बरोबर..."

"उतर म्हणते न्हवं."

मी उतरले. आई फिरून आली. पदर खोचला, सीट पुढं ओढली, आरसा नीट केला, पट्टा लावला. मागनं आप्पा म्हणतायत, "अगं प्रभा... अगं, काय करतीयास? अगं प्रभा..." तोवर गाडी सुटलीपण. उरलेला घाट तिनं एकदापण बंद न पाडता चढवला आणि वर दोन नारळाच्या दुकानांच्या मधल्या फटीत रिव्हर्स घालून उभी केली. रिव्हर्स, दादा. दुकानदार हातातला नारळ खाली ठेवून बघत हुता.

आईनं गाडी बंद केली. मग आप्पा म्हणाले,

"कवा शिकलीस?"

"मे महिन्यात. आदीसंगं."

"आणि लायसन?"

"हाय की."

"मला बोलली न्हाईस कधी."

"तुमी कवा इचारलंसा?"

तर ते असं झालं हुतं. तू क्लास लावून दिलास, पण एकटीनं जायला मला नको वाटायचं, म्हणून आई सोबत यायची. मागच्या सीटवर पिशवी घेऊन बसायची. चौथ्या दिवशी जोतीराम सर म्हणाले, "काकू, नुसतं बसून ऊनच खाताय, या की पुढं." आली. परीक्षा आम्ही दोघींनी एकाच दिवशी दिली. आठचा आकडा आईनं एका दमात काढला, मैदानात रोवलेल्या एकापण कांबीला धक्का न लावता. छप्पन्नाव्या वर्षी, सहावारीत.

आणि मी नापास झाले.

हां. वाच परत. नापास झाले.

आता तुला तो फोटो आठवला असंल. मी तुला व्हॉट्सॲपवर पाठवलेला, लायसन हातात धरलेला, अंगठा नेमका फोटोवर आणि अर्ध्या नावावर. 'मगदूम' तेवढं दिसत हुतं. ते आईचं लायसन हुतं. तिच्या पर्समधनं घेतलेलं.

तू त्याखाली लिवलंस, "शाब्बास आदी. एक तरी काम पुरं केलंस." मग वहिनीनं केक धाडला. मी तेव्हाच सांगणार हुते, खरंच. पण एम.ए. सोडल्यापासनं, ती नोकरी सोडल्यापासनं, तुझ्याकडनं शाब्बास आलं न्हवतं. माझ्या कथा वाचून तू "ह्यात काय घडतंच न्हाय की गं" म्हणतोस. हितं काहीतरी घडलं असं तुला वाटलं, ते मला मोडवंना. केक खाल्ला मी. चांगला हुता.

आईला माझं नापास होणं ठावं हुतंच. म्हणाली, "पुढच्या खेपंला हुईल. मग दोघींचं एकदमच सांगू." ऑगस्टमध्ये मी परत नापास. आई परत म्हणाली, "हुईल." तोवर तिचं लायसन देवघरातल्या डब्यात, तांदळाखाली. सकाळी बस्तीतल्या देवाला जायला आम्ही गाडी काढायचो, तर फाटकातनं बाहेर मी घ्यायची आणि कोपऱ्यावर जागा बदलायची. आप्पांना कौतुक, पोरगी आईला रोज दर्शनाला नेती म्हणून.

आणि डिसेंबरात ही ट्रिप ठरली. तू म्हणालास, आदी चालवणार असंल तरच. तेव्हा मी आईला सांगितलं, तिसऱ्यांदा जाऊन आले, झाले पास. तुला खोटं बोलले ते एक. पण तिला पण बोलले, दादा. जी माझ्यासाठी गप बसलेली, तिला.

म्हणून जोतिबावर, त्या फटीत, ती माझ्याकडं वळून म्हणाली, "आता तुझं दाखव."

माझ्या पर्समध्ये लायब्ररीचं कार्ड हुतं.

आई रागावली न्हाय. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. ती एवढंच म्हणाली, "आप्पा मागं बसलेले तुझ्या भरवशावर." आणि समोरच्या काचेतनं बघत बसली. मग मागनं आवाज आला. आप्पा हसत हुते. झटका आल्यापासनं त्यांचं हसू एका बाजूनं येतंय, तसं. म्हणाले, "आरटीओनं घरातली एकच पास केली, आणि ती पण कुठली, बघा!" मग दार उघडून, पाय ओढत फिरून आले आणि मला म्हणाले, "ऊठ, मागं जा. बायको गाडी चालवत असताना मी मागं बसून काय करू?" तेव्हापासनं पुढची सीट त्यांची. नकाशा मांडीवर.

घरी येऊन मी दुपारभर झोपले. ढाराढूर. आठ महिने तुझा फोन वाजला की वाटायचं, आता लायसनचा नंबर मागतोय काय. चौकात पोलीस दिसला की मी गाडीचा रेडिओ बंद करायची, जशी काय मी रेडिओमुळंच सापडणार हुते. उठले तर भूक लागलेली. तीन भाकऱ्या खाल्ल्या. मला स्टेरिंगवर बसायचंच न्हवतं, दादा. रस्त्यानं जाताना मला भिंतीवरचं लिवलेलं वाचायचं असतंय, कोण कुणाशी भांडतंय ते बघायचं असतंय. चालवणाऱ्यानं तसं बघून चालतंय व्हय? हे कळायला एक घाट लागला.

रात्री आईनं अट घातली. "दादाला तू सांगायचंस, तुझ्या तोंडानं. खोट्यावर गाडी न्हाय निघायची." म्हणून तर गुरुवारी फोन केला मी. पण तू उचलल्या उचलल्या गगनबावडा काढलास, मग मी आवाज चढवला, मग तू. राहिलंच.

फोन ठेवल्यावर आईला सांगितलं, तो परीक्षा घ्यायला येतोय. आई भाकरी थापत हुती. थापायची थांबली. म्हणाली, "परीक्षा झालीया माझी. सरकारनं घेतलीया. आता पोटच्या पोराला परत द्यायची व्हय?" मग भाकरी उलटली आणि म्हणाली, "सोमवार न्हाय, शनिवारी निघायचं. बोलायला जमत न्हाय तर लिवून ठेव. सगळं लिव. माझं कौतुक कमी लिव."

ते शेवटचं मी ऐकलं न्हाय. बाईनं पैल्या झटक्यात परीक्षा काढली आणि पेढासुद्धा वाटला न्हाय, का तर पोरगी नापास झालीया. तुला कौतुक करायचं असंल तर तिचं कर. मला शिव्या घाल, संध्याकाळी सातनंतर. पण तिला "आई, जपून" असलं काय म्हणू नको. "आई, कुठवर पोचलीस?" एवढंच विचार.

मला ठावं हाय तू काळजीनंच बोलतोस. आप्पा दवाखान्यात हुते तेव्हा बाकावर तू कसा बसलेलास ते मी बघितलंय. म्हणून तर हे चार ओळींत न उरकता एवढं लिवलं. आईच्या लायसनची, गाडीच्या इन्शुरन्सची, आप्पांच्या गोळ्यांची सगळी कागदं वहीत लावलीत, वहीचे फोटो तुला नारायणगावातनं पाठवते. रोज मुक्कामाला पोचलो की खबर देईन. जे झालं तेच.

आप्पा गाडीत बसलेत, पट्टा लावून, पंधरा मिनिटं झाली. मफलर, टोपी, आणि वाळवंटाला न्यायचा गॉगल आत्ताच डोळ्यांवर, अंधार अजून नीट फिटला न्हाय तरी. आईनं बस्तीतनं येऊन गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि आता आरसा पुसतीया. तानाकाकू फाटकात उभ्या राहून म्हणतायत, "प्रभावती, विमान असतंय की गं जायाला!" आई म्हणाली, "विमान मला चालवाय देत न्हाईत."

तू सातला पुण्यातनं निघणार म्हणालास. आम्ही सातला हितनं निघतोय. म्हणजे साताऱ्याच्या आसपास आपण एकमेकांना ओलांडणार, तू त्या बाजूनं, आम्ही ह्या बाजूनं, मध्ये दुभाजक. हे वाचशील तोवर ते होऊन गेलेलं असंल. तुझी गाडी दिसली तर मी हात करणार हाय. तुला दिसायचा न्हाय. तू समोरच बघत असशील, तुला चालवता येतंय.

आईनं गाडी चालू केली. निघाले.

तुझी,
मागच्या सीटवरची,
आदिती