हात धुऊन मोजलेला आकडा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (वाकलं की घेरी येते, म्हणून कागदावरच.) तुझे गुडघे कसे आहेत, इन्सुलिन वेळेवर घेतेस ना, दाराशी येणाऱ्यांशी लांबूनच बोलतेस ना, ते कळव. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि येत नाही हे तुला पटत नाही, म्हणून पत्र.

आमच्याकडे साथ आली ती हिच्या अंगावाटे. बुधवारी हिला ताप आला, गुरुवारी तपासणीत तेच निघालं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, हिला आतल्या खोलीत ठेवा. तुम्हाला शुगर आहे, तुम्ही आत पाऊल टाकायचं नाही, तुम्हाला झालं तर जड जाईल. मी शिंपी माणूस. दारापासून सहा फूट टेपने मोजले आणि कापडावर मारायच्या खडूने फरशीवर रेघ मारली. मी ताटली दाराशी ठेवायची, रेघेमागे यायचं, मग हिने दार उघडायचं. एकतीस वर्षांच्या संसारात आम्ही एवढ्या अदबीने कधी वागलो नव्हतो.

माझी साखर रोज सकाळी मोजायची, असंही बाईंनी बजावलं होतं. (चाळीस वर्षं बोटांत सुया टोचल्या, तेव्हा कुणी आकडा विचारला नाही.) बोटांना घट्टे पडलेत. दाबून दाबून थेंब काढला. तीनशे ऐंशी. दुसऱ्या दिवशी चारशे दहा. माप जास्त आलं की आत घ्यायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. जेवण निम्म्यावर आणलं. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन लागेना, तेव्हा रात्रीची गोळी सकाळच्या गोळीबरोबरच घेऊन टाकली. अकराच्या सुमारास हात थरथरू लागले, घाम फुटला आणि ताटलीसकट मी रेघेवरच आडवा झालो. ताटलीचा आवाज ऐकून ही बाहेर आली, तोंडावर फडकंही न बांधता. मला टेकवून बसवलं, साखरेचं पाणी पाजलं आणि डोळ्यांपुढचा अंधार जाईपर्यंत शिव्या दिल्या. (त्या सगळ्या ऐकू आल्या.)

संध्याकाळी बाईंचा फोन लागला. त्यांनी विचारलं, ‘बोट टोचायच्या आधी काय करत होता?’ म्हटलं, हिच्यासाठी संत्रं सोलत होतो, रोज सोलतो. ‘आणि हात?’ दिवसातून वीसदा धुतो, बाई. ‘टोचायच्या आधी?’ नाही. संत्रं दाराशी ठेवून रेघेमागे बसायचो आणि तिथेच मोजायचो, ही खाते का ते बघत. बाई म्हणाल्या, ‘काका, तुम्ही तीन दिवस संत्र्याची साखर मोजलीत.’ साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, मग टोचायचं. आणि आकडा कितीही येवो, त्यांना विचारल्याशिवाय गोळी वाढवायची नाही, जेवण तोडायचं नाही. तूही हे लक्षात ठेव. हात धुतल्यावर माझी एकशे बावन्न निघाली.

तेव्हापासून ही पुन्हा आत आहे. हिचा ताप उतरलाय. ताटली घेते, बोलत नाही. आपण बाहेर आलो, आता ह्यांना होणार, असं धरून बसली आहे. बाकी सर्व क्षेम.

तुझा धाकटा

ता. क. हिला दोन ओळी लिही. नऊ वर्षांपूर्वी तुझा कोट घट्ट झाला तेव्हा ही म्हणाली होती, ‘वन्सं, कापड आटलेलं नाही.’ तेव्हापासून तुम्ही दोघी बोलत नाही. मी आता लिहून देतो, कापड आटलं होतं. तू इतकंच लिही की ती बाहेर आली ते बरं केलं. मी दाराबाहेरून सांगून पाहिलं, माझं ती खरं मानत नाही. तुझं ती खरं मानेल. तिच्याबद्दल चांगलं लिहायचं तुला काही कारण नाही, हे तिला माहीत आहे.

ता. क. दुसरा. लवकर लिही. काल दुपारपासून मलाही ताप आहे. बाईंना कळवलंय, हिला नाही. एकशे एक. हात धुऊन मोजला.