मीटर बंद असताना

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०

नव्या वर्षाचा संकल्प (सहा दिवस उशिरा, पण विमानंही उशिरा सुटतातच): आमच्या फ्लाइंग स्कूलमध्ये युनियन उभी करायची.

एकोणीस शिक्षक, एक मालकीणबाई, आणि न्यायाच्या नावाने शंख. इंजिन सुरू झालं की मीटर सुरू. मीटर चालेल तेवढाच आमचा पगार. धुकं पडलं, पगार नाही. विद्यार्थ्याला तासभर फळ्यावर वारा समजावला, पगार नाही. उडण्याआधी विमानाच्या टाकीत डोकावलो, पगार नाही. सतरा वर्षं हेच चाललंय. कुणीतरी पुढे यायला हवं. दाढी करताना आरशात पाहिलं, तर तो कुणीतरी समोरच उभा.

दुसरा संकल्प: डोनट बंद.

७ जानेवारी

ओडालिसला सांगितलं. ओडालिस म्हणजे आमच्याकडची सगळ्यात उत्तम शिक्षिका (मला सोडून). एकटी आहे, दोन वर्षांची मुलगी आहे. ती म्हणाली, लायल, हे मी तुला गेल्या उन्हाळ्यापासून सांगतेय. असेलही. मोठ्या कल्पना मुरायला वेळ लागतो.

तिच्या मावसभावाचं विम्याचं ऑफिस आहे, तिथे तिच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवलीय. मार्चपर्यंत इथे काही जमलं नाही तर ती जाणार. म्हणाली, डिसेंबरात नऊ दिवस धुकं होतं, त्या नऊ दिवसांचं घरभाडं काय धुक्याकडे मागू? उडायचं सोडून टेबलावर बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, तू कुठेही जात नाहीस, जबाबदारी माझी.

ती माझ्याकडे बघतच राहिली. भारावली असावी.

१४ जानेवारी

युनियन हवी असल्याच्या कार्डांवर सह्या घेतल्या. एकोणीसपैकी चौदा! (बारा ओडालिसने आणल्या. तेरावी तिची. चौदावी माझी. पण वातावरण मी तयार केलं होतं.)

कूपरने सही केली नाही. वय चोवीस, खात्यात उड्डाणाचे तेराशे ऐंशी तास. पंधराशे झाले की एअरलाइनमध्ये पळणार. म्हणाला, अंकल, मी मे महिन्यात इथून सुटतोय, दोन-चार महिन्यांसाठी वर्गणी कशाला भरू? मी म्हटलं, आणि जे मागे राहतील त्यांचं काय? तर म्हणतो, मागे राहणारे तुम्ही एकटेच तर आहात.

एअरलाइन मला घेत नाही असं काही नाही. दोनदा मुलाखत देऊन मीच त्यांना नाकारलं, त्यांनी पत्र आधी पाठवलं एवढंच. वहीत कूपरच्या नावापुढे लाल शाईने ‘गद्दार’ लिहिलं.

१७ जानेवारी

माझ्या एका विद्यार्थिनीने आज पहिल्यांदा एकटीने विमान उडवून खाली आणलं. रिवाजाप्रमाणे तिच्या शर्टाची पाठ कात्रीने कापली आणि नाव-तारीख लिहून भिंतीवर लावली. जुन्या काळी शिक्षक मागे बसायचा आणि पुढच्याचा शर्ट ओढून सूचना द्यायचा. एकट्याने उडालं की ओढायला शर्ट नको. दरवेळी डोळ्यांत पाणी येतं.

तिच्या जागी लगेच नवा विद्यार्थी. त्याला पहिल्याच दिवशी माझा लाडका धडा दिला: पेट्रोलच्या काट्यावर कधीही विश्वास ठेवायचा नाही. टाकीत काठी घालायची आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. त्याने लिहून घेतलं. मलाही ऐकताना बरं वाटलं.

२३ जानेवारी

सरकारी कामगार कचेरीचं पत्र आलं. कार्डं पोचली, आता युनियन हवी की नको यावर मतदान २७ फेब्रुवारीला, आमच्याच हँगरमध्ये, सकाळी दहा ते बारा. ओडालिसने नियम वाचून दाखवला: बरोबरी झाली तरी आपण हरलो, एक तरी मत जास्त पडायला हवं. मला हसू आलं. बरोबरी? चौदा कार्डं आहेत बाई! ती म्हणाली, कार्ड उघड असतं, मत गुप्त असतं. हिला उगाचच काळजी करायची सवय आहे.

३० जानेवारी

बेव्हबाईंनी सगळ्यांना बोलावलं. मालकीण. वय सत्तर, नवऱ्यामागे ही शाळा एकटीने चालवली. डोनटचे तीन खोके. म्हणाल्या, युनियन आली की मला फी वाढवावी लागेल. फी वाढली की पोरं पलीकडच्या विमानतळावर जातील. मग दोन विमानं विकावी लागतील, आणि विमानं कमी झाली की माणसं कमी. मला काय हौस आहे का रे कुणाच्या पोटावर पाय द्यायची?

ठरल्याप्रमाणे मी आकडेवारीसकट उत्तर द्यायला उठलो. बाई म्हणाल्या, लायल, बाळा, तुझ्यासाठी चॉकलेटवाला बाजूला ठेवलाय हं. मी बसलो.

मग ओडालिस उठली. म्हणाली, बाई, इथे सहा महिन्यांवर माणूस टिकत नाही. दर सहा महिन्यांनी नवा माणूस, पोरांची शिकवणी पुन्हा पहिल्यापासून, वैतागून निम्मी पोरं सोडून जातात. त्याचा खर्च कुणी काढलाय का? आठवड्याला ठरलेला पगार द्या, माणसं टिकतील, पोरंही टिकतील. मी जोरजोरात मान हलवून पाठिंबा दिला. तोंड भरलेलं होतं.

डोनट: एक. (आणि अर्धा, पण तो ओडालिसचा होता.)

८ फेब्रुवारी

मतदानाच्या सकाळी करायचं भाषण तयार. अकरा पानं. ओडालिस म्हणाली, एक पान कर. मी म्हटलं, कुठलं फाडू? म्हणाली, कुठलंही फाड.

वीस टी-शर्ट छापून घेतले: ‘आम्ही जमिनीवरही राबतो’. सगळे एक्स्ट्रा लार्ज आलेत. ओडालिसला गुडघ्यापर्यंत येतो. तिच्या मुलीने त्याचा तंबू केला.

१९ फेब्रुवारी

सलग सहा दिवस पाऊस नाहीतर धुकं. मीटर बंद. बसून बसून पाठ धरली. त्या वेळात मतांची मोजणी केली: चौदा पक्की. शिवाय दोघांनी कॉफीच्या मशीनजवळ मला डोळा मारला. सोळा.

ओडालिस म्हणाली, मोजत बसू नकोस, एकेकाशी जाऊन बोल. बेव्हबाईंच्या त्या दिवसाच्या बोलण्याने तीन-चार जण घाबरलेत. मी म्हटलं, हे बघ, वहीत सोळा आहेत.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी

उद्या आकाश स्वच्छ! आणि डॉक्टर ऑगलट्रींचा फोन. निवृत्त दंतवैद्य, हौशी विद्यार्थी. उद्या सकाळी मॉस लेकला उडत जाऊन तिथल्या विमानतळावरच्या हॉटेलात पॅनकेक खायचेत. सातला निघायचं, साडेनऊला परत. मतदान दहाला. बाईंनी स्वतःहून दहा ते बारा सगळी विमानं बंद ठेवलीयत, म्हणजे मतदान सगळ्यांना करता यावं. चांगल्या आहेत तशा.

ओडालिस म्हणाली, उद्या जाऊ नकोस. मी म्हटलं, तेरा दिवसांत मीटर हललेलं नाही, आणि अडीच तासांचा प्रश्न आहे. म्हणाली, लायल, माझी शपथ आहे, वेळेवर ये. शपथ कशाला घालतेस, म्हटलं, घड्याळ बघ आणि माझं विमान बघ.

ऑगलट्रींनी आधी कूपरला विचारलं होतं म्हणे. तो म्हणाला, उद्या मतदान आहे, नाही जमणार. बहाणे.

२७ फेब्रुवारी. सकाळी ६.४०

ऐतिहासिक दिवस. नवा टी-शर्ट घातला. भाषण खिशात. टाकीत काठी घालून पाहिली, फुल्ल.

८.१०, मॉस लेक

उत्तम पॅनकेक. ऑगलट्री म्हणतात, माझ्या दवाखान्यातल्या मुलींनी युनियन केली असती तर मी दवाखाना बंद केला असता. असं बोलल्यावर गप्प कसं बसायचं? भाषण खिशात होतंच.

९.२५

अकराही पानं झाली. वाढणारी बाई, स्वयंपाकी आणि एक शेतकरी, तिघांनीही टाळ्या वाजवल्या. ऑगलट्रींनी कबूल केलं की त्या मुलींना त्यांनी जेवायची सुट्टी नीट दिली नव्हती. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण. निघतो.

९.४०

समुद्रावरून धुकं आलंय. इथे लख्ख ऊन, पण आमच्या विमानतळावर समोरचा हात दिसत नाही म्हणे. उतरणं अशक्य. ठरल्याप्रमाणे साडेआठला निघालो असतो तर पोचलो असतो.

हरकत नाही. सोळा वजा एक, पंधरा.

९.५५

तरीही प्रयत्न करणार. अडकलेल्या वैमानिकांसाठी इथे एक जुनी पोलिसांची गाडी ठेवलेली असते, चावी भिंतीवर. सत्तर मैल, सव्वा तास. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर. ऑगलट्री विमानाजवळ थांबतील. ओडालिसला फोन करून सांगितलं, सव्वाअकराला पोचतो. ती म्हणाली, लायल, सुसाट ये.

१०.५०, रस्त्याच्या कडेला

काटा अजूनही अर्ध्यावर आहे. गाडी बंद आहे. डिकी उघडली तर आत कागद चिकटवलेला: काटा बिघडलाय, पेट्रोल घालून घ्या.

रोज चार वेळा शिकवतो मी हे. चार वेळा!

११.२०

ओडालिसचे सहा फोन. पाच उचलले, सहावा उचलायचा धीर झाला नाही.

१२.२०

हिरवळीच्या गुंडाळ्या वाहून नेणाऱ्या एका ट्रकने इथवर आणलं. हँगरमध्ये सरकारी माणूस पुठ्ठ्याचा आडोसा घडी करत होता. मी म्हटलं, साहेब, एकच मत. तो म्हणाला, दादा, बाराला पेटी बंद झाली. बेव्हबाई म्हणाल्या, अहो, घ्या ना त्याचं, किती घामाघूम झालाय. पण नियम म्हणजे नियम.

मोजणी सगळ्यांसमोर झाली. अठरा मतं.

युनियनच्या बाजूने नऊ. विरुद्ध नऊ.

सगळे माझ्या टी-शर्टकडे बघत होते.

२८ फेब्रुवारी

ओडालिस ओरडेल म्हणून आठ वाक्यं तयार करून गेलो होतो. ती ओरडली नाही. कॉफी ओतून दिली. ते फार वाईट.

कूपरने स्वतःहून सांगितलं, अंकल, मी बाजूने मत दिलं. मी म्हटलं, तू? तू तर मेमध्ये जाणार! म्हणाला, मी जाणार हो, पण ओडालिसला राहायचं होतं ना? वहीतलं ‘गद्दार’ खोडलं. शाई लाल होती, जात नाही. त्या जागी आता माझं नाव लिहायला हवं, पण पेन सापडत नाहीये.

कालच्या जाण्याचं मीटर: एक तास. आज सकाळी मॉस लेकला जाऊन विमान आणि ऑगलट्रींना परत आणलं, आणखी एक तास. मॉस लेकला बसलो, ट्रकमध्ये बसलो, त्याचे काही नाही. इंजिन बंद होतं.

पुन्हा मतदान घ्यायला वर्षभर थांबावं लागतं. पुढच्या वर्षी नक्की. ओडालिसला तसं सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या वर्षी मी कुठे असणार आहे, लायल?

७ मार्च

ओडालिसचा शेवटचा दिवस. बाईंनी तिला मिठी मारली आणि दोघी रडल्या. मग ती कात्री घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, वळ. मी युनियनचाच टी-शर्ट घातला होता (दुसरे धुवायला टाकलेत). तिने पाठ कापली, त्यावर तारीख घातली, ‘९–९’ लिहिलं, आणि विद्यार्थ्यांच्या तुकड्यांमध्ये नेऊन लावलं. सगळे हसले. मीही हसलो.

ती कानाशी येऊन म्हणाली, आजवर मागून मी ओढत होते. आता एकट्यानेच उड बाबा.

घरी येईपर्यंत पाठीला गार वारा लागत होता. चूक माझी होती, हे मी तिला म्हणायला हवं होतं. अजून म्हटलेलं नाही.

१७ मार्च, सोमवार. सकाळी १०.४५

ओडालिसचा मेसेज आला. विम्याच्या ऑफिसातला पहिला दिवस. लिहिते: ‘सकाळपासून कॉम्प्युटर बंद पडलेत. दोन तास नुसती बसून आहे. विचारलं, पगार कापणार का? सगळे हसायला लागले. लायल, अरे, इथे नुसतं बसल्याचेही पैसे मिळतात!’

उत्तर लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. घाई काहीच नव्हती. बाहेर धुकं आहे, आणि मी सातपासून इथे नुसता बसलोय.

डोनट: चार.